जुन्या जीपच्या इंजिनाचीं टॅपेट कव्हरें : गळतीचीं कारणें व बसविण्याची रीति

आमच्या कित्येक वाचकांच्या वाड्यांत किंवा गोठ्याशेजारीं वडिलांच्या वेळची पेट्रोल जीप अद्याप उभी असते. कोणीं ती हौसेनें राखली आहे, कोणीं गरजेपोटीं. अशा गाडीचें इंजिन मूळच्या स्थितींत क्वचितच राहिलेलें असतें. कोणीं हेड घासून घेतलेलें असतें, कोणीं दुसऱ्या गाडीचा कार्ब्युरेटर चढविलेला असतो, तर कोणीं मूळचें पत्र्याचें टॅपेट कव्हर टाकून त्या जागीं अल्युमिनियमचें चकचकीत कव्हर बसविलेलें असतें. ह्या फेरफारांनंतर जी तक्रार हटकून ऐकूं येते ती म्हणजे कव्हरांतून ऑइल गळतें ही; आणि तीवर जो उपाय हटकून होतो तो म्हणजे नट आणखी आवळण्याचा. प्रस्तुत लेखांत आम्हांस एवढेंच दाखवावयाचें आहे कीं, गळणाऱ्या कव्हराचें मूळ दुखणें पुष्कळदां कव्हराच्या बाहेर असतें, व आवळण्यानें तें बरें न होतां वाढतें. हा धडा आम्हीं मोल देऊन घेतला आहे. तेंच मोल वाचकांस पुन्हां द्यावें लागूं नये, हा ह्या लेखाचा हेतु.

इंजिनाची ओळख

१९४१ पासून अमेरिकेंतील टोलेडो शहरच्या विलीज-ओव्हरलँड कंपनीनें लष्करासाठीं जी जीप बनविली, तिच्या इंजिनांत आठहि व्हाल्व बाजूस, ब्लॉकमध्यें होते. १९४५ सालीं त्याच कंपनीनें शेतकऱ्यांस डोळ्यांपुढें ठेवून सीजे-२ए नांवाची जीप विक्रीस काढली. तिचें इंजिनहि याच जातीचें होतें. पुढें १९५३ सालीं सीजे-३बी आली. हिच्या इंजिनांत हवा-पेट्रोल आंत घेणारे चार व्हाल्व हेडमध्यें वर नेले आणि जळका धूर बाहेर टाकणारे चार व्हाल्व ब्लॉकमध्येंच ठेविले. ह्या रचनेस एफ-हेड म्हणतात. इंजिनाचें माप १३४ घन इंच, म्हणजे सुमारें २२०० घन सेंटिमीटर, तेंच राहिलें. परंतु शक्ति ६० वरून ७२ अश्वशक्तींवर गेली. इंजिन उंच झाल्यामुळें बॉनेटहि उंच करावें लागलें. महिंद्र कंपनीनें हाच उंच बॉनेटचा नमुना आपल्या देशांत अनेक वर्षें काढला, म्हणून आमच्याकडे 'जुनी जीप' म्हटली कीं बहुधा हीच डोळ्यांपुढें येते.

ह्या रचनेमुळें सदर इंजिनास कव्हरें दोन असतात. एक हेडवर, त्याखालीं रॉकर व वरचे व्हाल्व असतात. दुसरें ब्लॉकच्या डाव्या अंगास, धुराच्या मॅनिफोल्डच्या खालच्या बाजूस; त्याआड खालच्या व्हाल्वांच्या स्प्रिंगा व टॅपेट असतात. पुष्कळ लोक वरच्या कव्हराचीच चिंता वाहतात, आणि खालचें कव्हर असतें हेंच विसरतात.

कव्हराचें काम काय

कव्हर म्हणजे नुसतें झांकण अशी समजूत असते. पण त्यास तीन कामें करावीं लागतात. पहिलें, रॉकरवर नळीवाटे चढणारें ऑइल आंतल्या आंत ठेवून खालीं चेंबरकडे परत जाऊं देणें. दुसरें, धूळ बाहेर ठेवणें. नांगरट चालू असतां किंवा मळणीच्या खळ्यावर जी धूळ उडते, ती ह्या फटींतून आंत गेली म्हणजे ऑइलमध्यें मिसळून कानशीसारखी बेअरिंगें व पिस्टनच्या रिंगा खाते. म्हणून जेथून ऑइल बाहेर येतें तेथून धूळ आंत जाऊं शकते, हें शेतकऱ्यानें विशेषेंकरून ध्यानांत ठेवावें.

तिसरें काम बहुतेकांच्या लक्षांत येत नाहीं. पिस्टनच्या बाजूनें थोडा धूर व वाफ चेंबरमध्यें उतरतच असते. इंजिन नवें असो कीं जुनें. ही वाफ बाहेर काढण्यासाठीं श्वासनळीची योजना केलेली असते. एका बाजूनें गाळलेली हवा आंत येते आणि दुसऱ्या बाजूनें वाफा नळीवाटे व एका लहान व्हाल्वमधून इनटेककडे ओढल्या जातात. सालाप्रमाणें ह्या नळ्यांची मांडणी थोडी निराळी आढळते, परंतु तत्त्व एकच. ही वाट बुजली कीं आंत दाब सांचतो, आणि मग तो दाब जेथें पॅकिंग दुबळें असेल तेथून ऑइल बाहेर ढकलतो.

आमचा अनुभव

आमच्या जीपचें हेड एकदां तापून वांकलें, म्हणून तें घासून घेतलें. त्याच वेळीं मिस्त्रीच्या सल्ल्यानें मोठा कार्ब्युरेटरहि बसविला. गाडी चढाला चांगली ओढूं लागली. पण पंधरा दिवसांत वरच्या कव्हराच्या डाव्या कांठानें ऑइल झिरपूं लागलें. तें खालच्या तापलेल्या मॅनिफोल्डवर पडून धूर निघे आणि गाडींत जळक्या ऑइलचा वास भरे. पेट्रोलच्या इंजिनावर अशी गळती म्हणजे आगीस आमंत्रणच होय.

आम्ही गाडी एका गॅरेजांत नेली. तेथें नवें पॅकिंग घालून नट सर्व शक्तीनें आवळले. गळती आठ दिवस थांबली व पुन्हां सुरू झाली. दुसऱ्या खेपेस पॅकिंगच्या दोन्ही अंगांस सिलिकॉनचा जाड लेप दिला. ह्या वेळीं गळती दोन महिने थांबली, व आम्हीहि निश्चिंत झालों. पुढें ऐन हंगामांत, टोमॅटोच्या पेट्या बाजारांत पोंचवून परत येत असतां ऑइलच्या दाबाचा काटा खालीं आला आणि थोड्याच वेळांत इंजिनांतून ठोके ऐकूं येऊं लागले. चेंबर उतरविलें तेव्हां पंपाच्या जाळीवर सिलिकॉनचे तुकडे जळवांसारखे चिकटलेले दिसले. लेप आंतल्या बाजूस उतून आला होता. ऑइलनें तो सुटला, पुशरॉडच्या वाटेनें खालीं गेला, आणि जाळी बुजली. बेअरिंगें गेलीं, क्रँक घासावा लागला, व उरलेला सगळा हंगाम आम्हीं भाड्याच्या गाडीवर काढला.

इंजिन पुन्हां जोडतांना मूळ कारण सांपडलें. मोठा कार्ब्युरेटर बसवितांना जुन्या श्वासनळीचें तोंड त्यास जुळेना, म्हणून तें रबराचें बूच ठोकून बंद केलेलें होतें. इंजिन श्वास कोंडून चालत होतें, आणि आम्ही त्याच्या अंगावरचे बंद आवळीत होतों. आग रामेश्वरीं आणि बंब सोमेश्वरीं अशांतला तो प्रकार झाला. बूच काढून नळी रीतसर जोडली, साधें बुचाचें पॅकिंग घातलें, नट बेताचे आवळले. तेव्हांपासून तें कव्हर कोरडें आहे.

उघडण्यापूर्वी पाहण्याच्या गोष्टी

गळती दिसली कीं लगेच पाना हातीं घेऊं नये. इंजिन गार असतां केरोसीननें बाहेरून स्वच्छ पुसावें, कोरडें होऊं द्यावें आणि केरोसीनचा वास गेल्यावर सांध्यांवर खडूची पूड भुरभुरावी. मग पांच-दहा मिनिटें इंजिन चालवावें. पूड जेथें प्रथम ओली होईल तीच गळतीची खरी जागा. ऑइल नेहमीं खालीं वाहतें; यास्तव खालच्या कव्हरावर दिसणारें ऑइल वरच्या कव्हरांतून आलेलें असूं शकतें. शोध सर्वांत उंच ओल्या जागेपासून करावा.

नंतर श्वासाची परीक्षा करावी. इंजिन संथ चालत असतां ऑइल भरण्याचें टोपण काढावें आणि त्या तोंडावर पातळ कागदाचा तुकडा ठेवावा. श्वासनळी इनटेकला जोडलेली असून ती व तिचा व्हाल्व मोकळा असेल तर कागद हलकेच आंत ओढला जातो. कागद उडून पडूं लागला व तोंडांतून धुराचे लोट येऊं लागले, तर एकतर नळी बुजली आहे, नाहींतर रिंगा झिजल्या आहेत. नळी व व्हाल्व साफ करून पुन्हां पाहावें. तरीहि धूर राहिला तर दुखणें रिंगांचें समजावें. मग कोणतेंहि पॅकिंग फार दिवस टिकणार नाहीं. ऑइल खुणेच्या वर भरलेलें नाहीं ना, हेंहि ह्याच वेळीं पाहावें.

टॅपेटची फट

कव्हर उघडलें म्हणजे तें पुन्हां बसविण्यापूर्वीं टॅपेटची फट तपासल्याशिवाय राहूं नये. विशेषतः हेड घासलेलें असल्यास. हेड घासलें म्हणजे रॉकर तितके खालीं येतात, पण पुशरॉडची लांबी तीच राहते. म्हणून वरच्या व्हाल्वांची फट कमी होते. व्हाल्व व त्यांच्या बैठका घासल्या तरीहि तोच परिणाम, वरच्या आणि खालच्या दोन्ही व्हाल्वांच्या बाबतींत, घडतो. ह्या इंजिनांत हेडचा एक बोल्ट कार्ब्युरेटरच्या खालीं दडलेला असतो व नवख्या माणसाच्या हातून तो आवळावयाचा राहून जातो. तो आवळला असल्याची खात्री करूनच फट लावण्यास बसावें.

इंजिन पूर्ण गार असतां वरच्या व्हाल्वांस ०.०१८ इंच व खालच्या, म्हणजे धुराच्या व्हाल्वांस ०.०१६ इंच फट असावी. पेटण्याचा क्रम १-३-४-२ असा आहे. स्पार्क प्लग काढून ठेवल्यास हँडल हलकें फिरतें. पहिल्या सिलिंडरच्या प्लगच्या भोकावर अंगठा धरून हँडल फिरवावें. दाब अंगठ्यास लागूं लागला म्हणजे पिस्टन वर येतांना त्याचे दोन्ही व्हाल्व मिटलेले आहेत असें समजावें. पिस्टन अगदीं वर पोंचतांच त्या सिलिंडरच्या दोन्ही फटी फीलर गेजनें लावाव्या. नंतर अर्धा फेरा देऊन तिसऱ्या, पुन्हां अर्धा फेरा देऊन चवथ्या व शेवटीं दुसऱ्या सिलिंडरच्या लावाव्या. गेजचें पान किंचित् अडत सरकलें पाहिजे. ओढून काढावें लागूं नये. स्क्रूचा नट पक्का केल्यावर फट पुन्हां एकदां मोजावी, कारण नट आवळतांना स्क्रू थोडा फिरतो.

टॅपेटचा टिकटिक आवाज बंद व्हावा म्हणून फट कमी ठेवण्याची चाल आहे, ती फार घातक. धुराचा व्हाल्व आपली उष्णता मुख्यतः बैठकीवर टेकलेला असतांना तिला देऊन गार होतो. फट कमी पडली तर तापल्यावर दांडी लांबते, व्हाल्व पुरता टेकत नाहीं, आणि त्याची कड जळते. थोडा बोलणारा टॅपेट बरा. मुका टॅपेट आंतून घर जाळीत असण्याचा संभव असतो.

कव्हराचा कांठ व आंतील जागा

मूळचें कव्हर पत्र्याचें असतें. पूर्वीं कोणीं फार आवळलें असेल तर नटांच्या भोकांभोवतीं पत्रा खालीं दबतो व मधला कांठ कमानीसारखा वर उचलला जातो. अशा कव्हरास जितकें अधिक आवळावें तितकी मधली फट वाढते. कव्हर सपाट कांचेवर किंवा फरशीवर ठेवून कांठाखालून उजेड दिसतो काय तें पाहावें. दिसल्यास कांठ लांकडी ठोकळ्यावर धरून लहान हातोडीनें भोकांभोवतींचे फुगवटे हळूहळू ठोकून सपाट करावे. जुन्या पॅकिंगचे अवशेष हेड व ब्लॉकवरून बोथट पात्यानें खरवडावे. त्यापूर्वीं पुशरॉडच्या व ऑइल परतण्याच्या भोकांत स्वच्छ चिंध्या कोंबाव्या, त्या किती कोंबल्या तें मोजून ठेवावें, व शेवटीं तितक्याच मोजून काढाव्या.

अल्युमिनियमचें ओतीव कव्हर वांकत नाहीं हा त्याचा गुण. मात्र अल्युमिनियम ओतीव लोखंडापेक्षां तापल्यावर अधिक पसरतें, म्हणून त्याखालीं कागदाचें पातळ पॅकिंग न घालतां दबणारें जाड पॅकिंग घालावें. दुसरें, श्वासनळीच्या भोकाखालीं आडोशाचा पत्रा आहे कीं नाहीं तें पाहूनच असें कव्हर घ्यावें. तो नसेल तर रॉकरनें उडविलेलें ऑइल सरळ नळींत ओढलें जातें, आणि निळा धूर दिसूं लागल्यावर मालक बिचारा रिंगांना दोष देत बसतो.

फेरफार केलेल्या इंजिनांत आणखी एक गोष्ट पाहावी लागते. हेड घासल्यावर फट लावण्यासाठीं रॉकरचा स्क्रू वर घ्यावा लागतो. त्यावर बाजारांतील उंच नट आला, कव्हर वरून ठेचलेलें असलें किंवा पॅकिंग पातळ पडलें, तर ह्या लहानलहान गोष्टींची बेरीज होऊन रॉकर कव्हराच्या आंतून घांसूं लागतो. परीक्षा सोपी आहे. कव्हराच्या आंत रॉकरांसमोर मऊ मेणमातीच्या लहान गोळ्या दाबून बसवाव्या, पॅकिंगसह कव्हर बेताचें आवळावें आणि हँडलनें इंजिन दोन पूर्ण फेरे फिरवावें. दोन फेऱ्यांत प्रत्येक व्हाल्व एकदां उघडून मिटतो. कव्हर काढून गोळी जेथें सर्वांत पातळ झाली असेल तेथें तिची जाडी पाहावी. ती एक-सोळांश इंचाहून कमी आढळल्यास आम्ही तसें कव्हर बसवीत नाहीं. जाड पॅकिंग घालतों किंवा नट बदलतों. परीक्षा झाल्यावर मेणमातीचा कणहि आंत राहूं देऊं नये.

बसविण्याची रीति

बुचाचें पॅकिंग दुकानांत बरेच दिवस पडून असेल तर तें वाळून आखडतें व त्याचीं भोकें जुळत नाहींत. तें ताणूं नये, ताणल्यास तुटतें. अर्धा तास कोमट पाण्यांत ठेवून पुसून घेतल्यास तें पुष्कळ अंशीं मूळच्या मापावर येतें. बूच व रबर यांच्या मिश्रणाचें पॅकिंग मिळाल्यास तें अधिक टिकाऊ. पॅकिंग चिकटवावयाचें तें फक्त कव्हराच्या कांठास, आणि तेंहि पातळ लेपानें. लेप वाळूं द्यावा म्हणजे पॅकिंग सरकत नाहीं. हेड किंवा ब्लॉककडील अंगास नुसतें ऑइलचें बोट फिरवावें. असें केल्यानें पुढच्या खेपेस कव्हर पॅकिंगसह अखंड निघतें आणि दर वेळीं टॅपेट तपासण्याचा कंटाळा येत नाहीं.

कव्हर सरळ खालीं ठेवून सर्व नट आधीं बोटांनीं टेकवावे. वॉशर पुरेसे रुंद असावे, म्हणजे दाब पत्र्यावर पसरतो. मग आडव्या हाताच्या लहान पान्यानें, समोरासमोरचे नट घेत, एका वेळीं पाव फेरा याप्रमाणें दोन-तीन आवर्तनें करावीं. पॅकिंग सारखें दबून किंचित् फुगलेलें दिसूं लागलें कीं थांबावें. तें बाहेर पिळून आलें तर मर्यादा ओलांडली असें समजावें. खालच्या कव्हरास हात पोंचणें अवघड असतें, म्हणून तेथें एका बाजूचा नट पुरता आवळून मग दुसऱ्याकडे वळण्याचा मोह होतो, तो टाळावा. बोल्टांच्या डोक्याखालीं तांब्याचे वॉशर असल्यास ते नवे घालावे, कारण तेथूनहि ऑइल झिरपतें.

सर्व झाल्यावर श्वासनळी जोडली आहे हें पुन्हां पाहावें, इंजिन चालवून तापवावें, आणि तें पूर्ण गार झाल्यावर नट एकदांच हलक्या हातानें तपासावे. त्यानंतर पुन्हां आवळूं नये. पुन्हां गळती लागल्यास पान्याऐवजीं प्रथम कागदाचा तुकडा हातीं घ्यावा व वर सांगितलेली परीक्षा आरंभापासून करावी.

उपसंहार

येथें सांगितलेली मापें सीजे-३बीच्या एफ-हेड इंजिनाचीं आहेत. दुसऱ्या इंजिनास तीं लावूं नयेत. परंतु आधीं श्वास, मग फट, मग कांठ, आणि सर्वांच्या शेवटीं पॅकिंग व पाना, हा क्रम ट्रॅक्टरच्या किंवा विहिरीवरील तेल-इंजिनाच्या कव्हरासहि तितकाच लागू आहे. जे शेतकरी बंधु आपल्या जुन्या इंजिनांत नवा फेरफार करवून घेतात, त्यांस आमची एवढीच सूचना आहे कीं, मिस्त्रीनें काय बसविलें हें विचारतांना त्यानें काय काढलें व काय बुजविलें, हेंहि अवश्य विचारावें. आणि उत्तर मिळेल तें गाडीच्या वहींत टिपून ठेवावें. आम्हीं तो एक प्रश्न विचारला असता, तर आमचा हंगाम वांचला असता.